आत्यांची फिरकी

जावयाला पाय हलवू न देणारं माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि ते म्हणजे माझ्या बायकोची आत्या. मी उंबऱ्यात दिसलो की पहिलं वाक्य, "जावईबापू, चपला हळू काढा, फरशी हादरते." उभी हयात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या या बाईंनी नाशिक रोडच्या आपल्या दोन खोल्यांतली पुढची खोली तांब्याच्या एका पट्टीला देऊन टाकली होती. पट्टी अतिशय वेगाने थरथरवली, की तिचा कण न् कण जागच्या जागी किंचित गिरकी घेतो, कुठे जास्त, कुठे कमी. आणि त्या फरकामुळे आतल्या इलेक्ट्रॉनांची फिरकी एका बाजूकडून दुसरीकडे वाहू लागते, हे त्यांनी मला निदान वीस वेळा समजावलं. "म्हणजे वीजच ना?" असं विचारलं की त्या कपाळाला हात लावत. "अहो, इकडून जितके जातात तितकेच तिकडून येतात. वीज शून्य! पण जाणारे उजवे फिरतात, येणारे डावे. वाहते ती नुसती फिरकी." कॉलनीत मात्र आत्या सगळ्यांची फिरकी घेतात, असाच समज होता.

हा प्रवाह मोजायला त्यांनी पट्टीला एक मीटर जोडला होता. पण प्रवाह इतका नाजूक, की त्यापायी त्यांनी पंखा काढला, फ्रिज देऊन टाकला, बेलची वायर तोडली. शेजारच्या वहिनींना दुपारी मिक्सर लावू नका म्हणून सांगितलं. वहिनींनी मिक्सर थांबवला नाही, येणं थांबवलं. रुळांवरून मालगाडी गेली की आत्या वहीत वेळ टिपत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

मागच्या श्रावणात एका मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मीटरवर आकडा आला! पट्टी काढली, गेला. लावली, परत आला. तीनदा केलं. तुम्ही आत्ता याल का? कुणीतरी बघायला हवं हो."

मी ऑफिसात होतो. "रविवारी नक्की," म्हणालो.

रविवारी आत्या आणि मी अडीच तास त्या मीटरसमोर श्वास रोखून बसलो. आकडा आला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमचा विश्वास आहे ना?" मी "हो तर!" म्हणालो, पण जरा जास्तच पटकन. न समजता मान डोलावणारी मुलं त्यांनी वर्गात काय थोडी पाहिली होती? त्यांनी सावकाश बटण बंद केलं.

आता आत्या तो विषय काढत नाहीत. मुलांच्या परीक्षा, माझं ब्लडप्रेशर, एवढंच बोलतात. पूर्वी ज्या व्याख्यानाला मी कंटाळायचो, त्याच्यावाचून मला तिथे बसवत नाही. परवा मीच म्हणालो, "आत्या, ते फिरकीचं पुन्हा एकदा सांगा ना."

त्यांनी विचारलं, "तुम्हाला ऐकायचंय, की मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

मी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. त्यांनी माझा कप उचलला. "राहू दे," त्या म्हणाल्या, "अजून थोडा चहा घ्या."