फोनवाल्या मामांची सिरियस माणसं

मे १९९६. मी शिरूरला गच्चीवर कुरडया घालत होते आणि कोपऱ्यावरचे फोनवाले मामा टोपी घालून आमच्याकडे येताना दिसले. सांगणं ही जोखमीची गोष्ट आहे, असं मानणारा त्यांच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आळीत फोन एकट्या त्यांच्याकडे, त्यामुळे सगळ्यांचे निरोप तेच पोचवायचे. मुलगा झाला, नोकरी लागली, की कोपऱ्यावरूनच आरोळी. स्थळ सांगून आलं तर आधी चहा मागायचे. पण वाईट बातमी त्यांच्या तोंडून कधी निघालीच नाही. नापास झालेल्याचे पेपर "परत तपासाय गेल्यात", मोडलेल्या लग्नातली मुलाकडची मंडळी "इचार करत्यात". आमच्या आळीचे नातेवाईक कधी मेले नाहीत. सगळे सिरियस झाले. मामा टोपी घालून निघाले, की बायका दारं लावून घेत.

"बाई, ऱ्हाऊ द्या ते. दौंडवरनं तुमच्या भावाचा फोन व्हता. आईच्या छातीत दुखतंय. दवाखान्यात हाय. सिरियस हाय."

साचा माझ्या हातातच राहिला. "कधी गेली?"

"न्हाई वो! खरीखुरी सिरियस हाय. जित्ती हाय!"

"सोनाराची म्हातारीपण सिरियसच होती ना, मामा?"

"तिची गोष्ट येगळी. ती मेली व्हती."

आयुष्यात पहिल्यांदा ते सरळ बोलले, आणि माझा विश्वास बसला नाही. चौफुल्यापर्यंत एसटीत मी डोळे पुसत होते, तिथून पुढे कुणाकुणाला कळवायचं याची यादी करत होते. दवाखान्यात पोचले तर दोन्ही मावश्या गळ्यात गळा घालून रडत होत्या. त्यांच्याकडचे फोनवालेही मामांच्याच पठडीतले असावेत. सलाईन लावलेली आई घाबरून विचारत होती, "अगं, कोण गेलं?"

मला थोडक्यात बोलायची सवय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोरच्या बूथवरून मामांना फोन लावला. घंटी पुरती वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"आई बरी आहे, मामा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज. मग हळूच, "बाई, मला सांभाळून तर सांगत न्हाई ना?"

मग मी त्यांना सगळं बैजवार सांगितलं. आई किती वाजता उठली, चहा किती प्याली, नर्सला काय बोलली, आणि कुरडयांचं पीठ वाया घालवलं म्हणून मला काय काय बोलली ते.