विषयाच्या अर्जावरची सही

बी.ए.ला संस्कृत हा विषय मी थोरल्या भावाच्या आग्रहावरून घेतला, असे आमच्या घरात सारेजण मानतात. ते खरे नाही. विषय मी स्वतः निवडला आणि वडिलांच्या रोषातून सुटण्यासाठी दादाचे नाव पुढे केले. हे मी पस्तीस वर्षांहून अधिक काळ झाकून ठेवले.

आमचे घराणे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांचे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. बाहेरगावचे यजमान स्नानाला, श्राद्धाला येत. खारव्याच्या जाड लाल कापडात बांधलेल्या वह्या उघडून आम्ही त्यांना त्यांच्या आज्या-पणज्यांची अक्षरे दाखवीत असू आणि त्याखाली त्यांची नावे लिहून घेत असू. दादा मराठी फायनल, म्हणजे सातवी, होऊन घाटावर बसला. मी कॉलेजात जावे व वकील व्हावे, असे वडिलांनी ठरवले होते. मलाही ते मान्य होते.

इंटरच्या परीक्षेनंतरच्या सुटीत वडिलांच्या ओळखीच्या एका वकिलांबरोबर मी कोर्टात जाऊ लागलो. एके दिवशी एक वृद्ध मुसलमान विणकर साक्षीला उभा होता. पाहिले तेवढे तो सरळ सांगत होता. वकिलांनी तेच चार वेळा उलटसुलट विचारले. म्हातारा अडखळला आणि शेवटी "साहेब, आप बोले वही," म्हणून खाली उतरला. बाहेर आल्यावर वकील माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाहिलंस? हे शीक." ते आपल्याला शिकता येईल, याचीच मला भीती वाटली.

जूनमध्ये विषयाचा अर्ज भरायचा होता. वकिलीला उपयोगी म्हणून वडिलांनी अर्थशास्त्र सांगून ठेवले होते आणि ते यजमानांच्या भेटीला वऱ्हाडात गेले होते. अर्जावर पालकाची सही हवी होती. मी संस्कृत लिहिले व कागद दादापुढे धरला.

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं."

दादा हसला. "संस्कृतासाठी कॉलेज कशाला रे? घाटावर ये, मी शिकवतो." आणि त्याने सही केली.

वडील परतले. "सही कुणाची ही?" त्यांनी विचारले. दादाने तोंड उघडण्याआधीच मी म्हणालो, "दादा म्हणाला, वकिली नको, संस्कृतच घे."

दादाने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

"स्वतः घाटावर बसलास, आता यालाही बसव शेजारी," वडील त्याला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वह्या दादाच्या हातून गेल्या. मंत्र त्याने सांगावेत. नावे मात्र वडीलच लिहून घेत, अखेरच्या आजारापर्यंत. एखादा यजमान विचारी, "थोरले का लिहीत नाहीत?" दादा म्हणे, "माझं अक्षर वाईट आहे." आमच्या घरात सर्वांत सुरेख अक्षर त्याचे होते.

मी हायस्कुलात संस्कृत शिकवले, मनापासून शिकवले. खोटेपणा नको म्हणून वकिली सोडली, असे स्वतःला बजावीत आलो. पण एका खऱ्या माणसाला निरुत्तर करण्याचे काम मी घरातच, त्या वकिलांहून सफाईने केले होते.

यंदा भाद्रपदात मी घाटावर दादाशेजारी बसलो होतो. समोरचा यजमान संकल्प ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता.

"मोठ्यानं म्हणा," दादा म्हणाला. "गंगेला ऐकू जाऊ द्या."

"लोक ऐकतात हो, गुरुजी."

"ऐकू देत की. त्यांचेही बाप गेलेत."

यजमान गेल्यावर दादा वही बांधू लागला. मी तिच्यावर हात ठेवला.

"दादा, त्या अर्जाचं मी बाबांना विचारलं नव्हतं. आणि त्यांना तुझं नाव सांगितलं, तेही खोटं. ही वही तुझ्या हातून माझ्यामुळे गेली."

त्याने घाटावर नजर फिरवली. "हळू बोल. लोक ऐकतायत."

मी पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्याने: "चूक माझी होती, दादा. मला क्षमा कर."