खोटेपणाची मापनी

वाशीमच्या स्टँडवरून पुण्याची गाडी सुटली तेव्हा आई खिडकीखाली उभी राहून शेवटपर्यंत एकच सांगत होती, ‘‘तिथं जाऊन जास्त बोलत नको जाऊ.’’ बाबा माझी बॅग टपावर चढवून आधीच बाजूला झाले होते. ते दोन हजार चार साल. मानसशास्त्रात एम.ए. झालेली मी गल्लीतली सगळ्यांत बडबडी मुलगी होते, आणि हिचा स्वभाव काही बदलायचा नाही याची घरात सगळ्यांना खात्री होती.

सहा महिन्यांत मी घुमी झाले. हिंजवडीच्या एका कंपनीत भरतीच्या विभागात लागले, आणि भाडं परवडतं म्हणून मुळशीत कासार आंबोलीला खोली घेतली. ऑफिसात सगळे हिंदी-इंग्रजीतून भराभर बोलायचे आणि माझं ‘करून राहिले’ ऐकून हसायचे, म्हणून मी तोंडच मिटलं. व्यक्तिमत्त्व म्हणजे माणसाचे टिकाऊ गुणविशेष, असं एका प्रकरणात शिकले होते. माणूस प्रसंग बघून वागतो, स्वभाव असा काही नसतोच, असं पुढच्या प्रकरणात. परीक्षेत दोन्ही बाजू लिहून झकास मार्क मिळवले. आता तोच प्रश्न माझ्या अंगावर आला होता. वाशीमला राहिलेल्या तुम्ही मैत्रिणी फोनवर म्हणायचात, ‘‘तू पहिलेसारखी नाही राहिली.’’ मला ते फार लागायचं.

बोलायचे ती फक्त घरमालकांच्या ओट्यावर. घरमालक म्हणजे नाना. मुलगा ड्रायव्हर, बहुतेक बाहेरगावी. घर सगळं सुनेच्या, सुनंदाच्या हातात. ती माझ्याच वयाची, बारावी झालेली. सकाळी दूध द्यायला आली की दारातूनच सांगायची, ‘‘मॅडम, आज दुधात पानी गेलंय चुकून. च्या पातळ व्हईल.’’ असं सांगणारी दूधवाली मी जन्मात पाहिलेली नाही. मला परकं वाटू नये म्हणून त्या घरात कुणी मुद्दाम काही करत नव्हतं, आणि म्हणूनच तिथे मला परकं वाटत नव्हतं.

आमच्या कंपनीत रेकॉर्ड रूमसाठी आसपासच्या गावांतली माणसं घ्यायची ठरलं. सुनंदानं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. मीच तिला अर्ज आणून दिला. नानांना पटवायला तिला दोन महिने लागले. शेवटी ते म्हणाले, ‘‘एकडाव जाऊन ये. झालं तर झालं. न्हाई तर पुन्हा नोकरीचं नाव काढायचं न्हाई.’’

मुलाखतीआधी मराठीतून एक छापील प्रश्नावली असायची. शंभरावर विधानं, प्रत्येकापुढे हो किंवा नाही. त्यांत काही मुद्दाम पेरलेली असतात : मला कधीच राग येत नाही. मी कुणाच्याही माघारी कधी वाईट बोललेले नाही. असल्या सगळ्यांना ‘हो’ म्हणणारा माणूस स्वतःला सजवून दाखवतोय, असं शास्त्र समजतं. त्याला म्हणतात खोटेपणाची मापनी. ही मेख उमेदवाराला सांगायची नसते. सुनंदानं विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, ‘‘मनात असेल ते लिही.’’

आदल्या संध्याकाळी नाना तिला ओट्यावर बजावत होते, ‘‘सही करायच्या कागदावर आपल्या इरुद्ध काय बी लिहायचं न्हाई. माज्या भावानं लिहून दिलं, त्यात वरचं शेत गेलं.’’ मी दोन हातांच्या अंतरावर भाजी निवडत बसले होते. सगळं ऐकलं, सगळं कळलं, आणि मेख सांगायची नसते म्हणून भाजीच निवडत राहिले.

तिचा कागद तपासायला माझ्याच टेबलावर आला. त्या पेरलेल्या विधानांपुढे भोकं पाडलेला एक पुठ्ठा असतो, तो कागदावर ठेवायचा आणि भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या. एकूण एक भोकात सुनंदाचं ‘हो’ होतं, खाली वळणदार सही. मी पुन्हा मोजलं. साहेबांकडे गेले, म्हटलं, ही बाई खोटं बोलत नाही, मी तिच्या सासऱ्यांच्या घरात भाड्यानं राहते. ते म्हणाले, ‘‘तुमच्या घरमालकाची सून? मग मॅडम, तुम्ही यात बोलूच नका.’’ त्यांचं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. गंमत बघा, नोकरीला लागताना हीच प्रश्नावली मीही भरली होती. ‘मी कधीकधी खोटं बोलते’ याला खुशाल ‘हो’ म्हटलं आणि विश्वासू ठरले.

नकाराची पत्रं माझ्याच सहीनं जायची. त्या गठ्ठ्यात तिचंही होतं. मी सही केली.

चार दिवसांनी ऑफिसातून आले तर नाना पाकीट धरून ओट्यावर बसलेले. ‘‘विंग्रजी हाय. वाचा.’’ सुनंदा पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. पत्रात छापील कारणांच्या चौकटी होत्या, आणि ‘उत्तरं विश्वासार्ह नाहीत’ या चौकटीत खूण होती. मी वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘‘जागा भरल्या म्हणतात.’’

नानांनी पत्र परत घेतलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण खोलीच्या भाडेकराराखाली पाहिलेली सही त्यांच्या चांगली लक्षात होती. ‘‘ही तर तुमची सही हाय,’’ ते म्हणाले. ‘‘खरंच जागा भरल्या व्हय?’’

मी काही बोलायच्या आत सुनंदा म्हणाली, ‘‘असं काय इचारता, नाना? मॅडम आपल्याशी खोटं न्हाई बोलायच्या.’’

मी मान खाली घालून चपला काढल्या आणि खोलीत गेले. तिनं नोकरीचं नाव पुन्हा काढलं नाही. वर्षभर दूध येत राहिलं, आणि मग मीच पुण्यात फ्लॅट बघितला.

आता दोन हजार दहा चालू आहे. तुम्ही विचारता, तुझं घर कुठलं आता, वाशीम की पुणं? मला वाटतं, जिथे आपल्याला न तपासता कुणी आपल्या बाजूनं बोलतं ते घर. तशी माणसं वाशीमला मला जन्मानं मिळाली. आंबोलीला ती भाड्याच्या खोलीबरोबर मिळाली होती. मुळशीला जाणारी गाडी रोज माझ्या बिल्डिंगसमोर थांबते, आणि मला तिच्यात चढता येत नाही.