यशवंतआप्पांचं कॅनडाचं हवामान

"आत्ताच्या आत्ता निघा! ऐकू येतंय न्हवं? जावईबापूंना म्हणावं, जेवण ऱ्हाऊ दे, गाडी काढा!"

सकाळचे आठ वाजले होते, आमच्या खासबाग भागात लख्ख ऊन पडलं होतं आणि समोरच्या गच्चीवरून यशवंतआप्पा कॅनडाला ओरडत होते. हातात फोन होता, पण तो निव्वळ शोभेला. तो आवाज फोनशिवायही समुद्र ओलांडून गेला असता. माझ्या चहावरची साय फाटली. आमच्या गल्लीतली दोन कुत्री त्या दिवशी जी कंग्राळीकडं पळाली, ती तिकडंच स्थायिक झाली.

आप्पा निवृत्त पोस्टमास्तर. त्यांची आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबली, आप्पा पोस्टात साहेब झाले, आणि त्यांची लेक सुजाता इंजिनियर होऊन थेट बर्फात जाऊन पडली. ती गेली त्या दिवसापासून आप्पांनी इकडचं हवामान सोडून दिलं. आज पाऊस येईल का विचारलं तर म्हणायचे, "हितलं मला काय इचारतोस रं? वर बघ की." तिकडं बर्फ पडला की ऐन चैत्रात माकडटोपी घालून दळण आणायला निघायचे. घामानं टोपी पिळायची वेळ यायची, पण काढायची बात नाही. "पोरगी तिकडं गारठलीय आणि मी हितं उघड्या डोक्यानं हिंडू व्हय?" हल्ली ते स्वतःच लेकीकडं कॅनडात असतात. आमची गल्ली गारठते, तापते, भिजते, पण कुणाला त्याचं काही वाटत नाही.

त्यांचे प्रतिस्पर्धी म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार बाहुबलीशेठ. मूळचे चिकोडीकडचे, मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडात संपवणारे. त्यांच्या फोनमध्ये हवामानाची चार ॲप होती. शेठनी जन्मात पाहिलेला सगळ्यात मोठा बर्फ म्हणजे दुकानाच्या फ्रीजरमधला, आणि आप्पांनी तर तोही दुरून. पण दुकानाच्या कट्ट्यावर दोघं कॅनडातल्या बर्फाच्या इंचांवरून असे भांडायचे, की बांधावरून भाऊभाऊ भांडणार नाहीत.

आप्पांचं शास्त्र वेगळं होतं. "ॲप कशाला पायजे? सुजा 'काय न्हाय आप्पा, जरासा पडलाय' म्हणाली की समजायचं, गुडघाभर. आणि मी बर्फाचं इचारल्यावर ती 'तुमी जेवला का' म्हणाली, की कमरेएवढा!"

तर त्या सकाळी भानगड अशी होती, की सुजाताचे दिवस भरले होते, मोठं हिमवादळ येणार होतं आणि दवाखाना तासाभराच्या वाटेवर होता. कळा सुरू झाल्या नव्हत्या. वादळ उद्या दुपारी, असं शेठची ॲप सांगत होती. आप्पा म्हणत होते, आज रात्रीच. तिकडं तेव्हा रात्रच होती.

आप्पा गच्चीवरून उतरून कट्ट्यावर आले तसे शेठ म्हणाले, "येन्री मास्तर! चारीच्या चारी ॲप उद्याच म्हणत्यात. अवघडलेल्या पोरीला रातीचं कशाला पिटाळता री?"

"शेठ, तुमच्या ॲपला पोरगी हाय का?"

"म्हंजे?"

आप्पांचा आवाज एकदम खाली आला. "काल तिनं शेंगाचटणी कशी करायची इचारलं. आजवर कधी इचारलं न्हाय. भ्यालीय पोरगी. बर्फाचं मागनं बघू, आदी ती दवाखान्यात पोचू दे."

सुजाता आणि जावई निघाले, एवढा निरोप आला. मग फोन मुका झाला.

आप्पा कट्ट्यावर बसून राहिले. फोन या हातातून त्या हातात. आमच्या गल्लीत चिमण्या आहेत, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं. शेठनी मीठ मागणाऱ्याला गूळ दिला, गूळ मागणाऱ्याला काडेपेटी दिली, आणि दुपारी कुणाचं लक्ष नाही असं बघून आपला फोन गल्ल्यात टाकून वर कुलूप लावलं.

संध्याकाळी फोन वाजला. आप्पांना बटण सापडेना, म्हणून स्पीकर मीच लावला. आधी एक बारीक ट्यँहँ, मग सुजाताचा दमलेला आवाज.

"आप्पा, मुलगी झाली. दोघीबी बऱ्या हाव."

आप्पा धोतराच्या सोग्यात तोंड लपवून रडले. शेठनी कुंद्याच्या मिठाईचा डबा फोडून फुकट वाटला. हा चमत्कार बघायला नंदगडहून माणसं आली होती म्हणतात. मी चार मोजली.

कुंदा पोटात गेल्यावर शेठना शास्त्र आठवलं. "मास्तर, लेक सुखरूप, नात सुखरूप, देवाची कृपा. पण वादळ आलं का न्हाई? खरं कोण, तुमी का माझी ॲप?"

सगळी गल्ली फोनवर वाकली. आप्पांनी डोळे पुसले, छाती फुगवली आणि पुन्हा कॅनडाभर ऐकू जाईल असे ओरडले, "सुजा! भाईर बघ बघू, बर्फ किती पडलाय?"

"आप्पा, या खोलीला खिडकी न्हाय."