निमोणे ते दौंड, व्हाया आत्याची पापणी

या सहलीचं वेळापत्रक मी स्वतः आखलं होतं, त्यामुळे ते चुकणं शक्यच नव्हतं. उजाडताच निमोण्यातून निघायचं, वडगाव रासाईत आत्याला व्हॅनमध्ये घ्यायचं, दौंडच्या दवाखान्यात तिचा डोळा दाखवायचा, येताना गुऱ्हाळावरून गूळ. दिवेलागणीला घरी. प्रत्यक्षात दोन दिवस लागले आणि गूळ राहूनच गेला.

आत्याला खुपरी आहे. मोटार रिवाइंडिंग मी कुणाकडे न जाता शिकलो, तसा हा आजारही वाचून काढलाय. आत्याचं लहानपण मेंढरांमागं फिरण्यात गेलं. तोंड धुवायला पाणी नाही, डोळ्यांवर माश्या, आणि सगळ्या पोरांचे डोळे पुसायला एकच पदर. जंतू असाच या डोळ्यातून त्या डोळ्यात जातो. पुन्हा पुन्हा लागण झाली की पापणी आतून व्रणांनी आखडते. मग कित्येक वर्षांनी ती आत वळते आणि केस बुबुळावर घासत राहतात. बुबुळ पांढरं पडलं की गेलेली नजर परत येत नाही. आत्याचा उजवा डोळा असाच गेला. आता डावाही टोचायला, गळायला लागला होता.

त्यावरचा आजवरचा इलाज म्हणजे मी. केस वाढले की आत्या निरोप धाडायची, मी चिमटा घेऊन हजर. "बाळूसारखा हात कुणाचा न्हाई," असं ती गावभर सांगायची. मी कधी अडवलं नाही.

रस्त्याचं सांगतो. न्हावऱ्यापर्यंत झकास, पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगायची तयारी ठेवा. भीमा ओलांडली की दौंड तालुका. केडगावच्या अलीकडे गुऱ्हाळावर थांबलो. रस ताजा, माश्याही ताज्या. मी लगेच आत्याला माश्या, स्वच्छता आणि प्रत्येकाचं वेगळं फडकं यावर व्याख्यान दिलं. शेवटी हातातल्या फडक्याने घाम पुसला.

"बाळू, ह्याच फडक्यानं आत्ता माझं डोळं पुसलं का न्हाई?"

"हो."

"आन् त्याआधी गाडीची काच?"

मी गाडी सुरू केली ती थेट चौफुल्याला मिसळीपाशी थांबवली. मिसळ उत्तम, तिखट बेतानं मागा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटून पाहिली. "आजी, केस उपटले की पुन्हा येतात, आखूड आणि जास्त टोचरे. छोटं ऑपरेशन करून पापणी बाहेर वळवू. नाहीतर हाही डोळा जाईल."

"आपरेशन नगं. आमचा बाळू हाय की. लई झ्याक उपटतो."

माझी छाती फुगली, पण क्षणभरच. इतकी वर्षं गोळा केलेलं कौतुक आता आत्याच्या डोळ्यावर उठलं होतं. मी समजावलं, रागावलो, मोबाइलवर आकृती दाखवली. आत्या हलेना. शेवटी म्हणालो, "घाबरतेस कशाला? बघ, आधी माझे डोळे तपासतात." माझ्या नजरेला काही झालेलं नाही याची मला खात्री होती. औषधांच्या बाटल्यांवर हल्ली अक्षरंच बारीक छापतात, त्याला मी काय करणार?

तपासणीवाल्या मुलीने वाचायचं कार्ड हातात दिलं. मी ते जरा लांब धरलं. मग आणखी लांब. शेवटी हात संपला, पण अक्षरं काही आली नाहीत.

आत्या एकाच डोळ्याने, तोही मिचकावत, सगळं बघत होती. "कारड कुठं निघालं रं? दौंड स्टेशनला?"

मुलगी तोंड लपवून हसली.

"बाळ्या, खरं सांग. चिमटा घालतो तवा तुला केस दिसत्यात का?"

"अंदाज येतो."

"अंदाज!" आत्या डॉक्टरीणबाईंकडे वळली. "करा बाई आपरेशन. ह्या आंधळ्यापेक्षा तुमी बऱ्या."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. इंजेक्शनने फक्त पापणी बधिर करतात. चहा संपायच्या आत आत्या पट्टी बांधून बाहेर. कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाचा डोळा सारखा गळत असेल, खडा गेल्यासारखा टोचत असेल, तर चिमटा शोधू नका, दवाखाना गाठा. आणि पोरांची तोंडं रोज धुवा, प्रत्येकाला वेगळं फडकं द्या. हे व्याख्यान मी आता फडकं खिशात ठेवून देतो.

पट्टी निघाल्यावर भेटायला गेलो, नवा चष्मा लावून. चिमटा सवयीने खिशात होताच. आत्या उन्हात बसली होती, डावा डोळा टक्क उघडा, कोरडा. तिने मला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि निरखून बघितलं.

"कलप लावतो व्हय मिशीला? डाव्या अंगाला तीन पांढरं सुटल्यात." तिने हात पुढे केला. "आण तो चिमटा. हलू नगंस."