खांडबाऱ्याचं आकाश आणि विसरवाडीचा रंगारी

घड्याळदुरुस्तीचं दुकान चार दिवस बंद ठेवायचं म्हणजे गिऱ्हाइकांना आठ दिवस आधीपासून सांगावं लागतं. या वेळी मी पाटीच लावली: 'मालक बाहेरगावी'. कुठे, कशासाठी, हे लिहिलं नाही. खरं कारण मीनाला, म्हणजे माझ्या बायकोला, तेवढं ठाऊक होतं. आकाशाचे फोटो काढायला ही माझी शेवटची खेप, असं मी ठरवलं होतं.

कारण सांगतो. मला लाल रंग नीट दिसत नाही. जन्मापासून. विसाव्या वर्षी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांमधले आकडे वाचता आले नाहीत, तेव्हा कळलं. लाल मला काळपट, मातकट दिसतो, आणि हिरव्याशी त्याची हमखास गल्लत होते. मीना आणि आमची मुलगी गौरी सोडून हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीला कॅमेरा लावून तेजोमेघांचे फोटो काढायचा नाद लागला, तेव्हा गौरी शेजारी बसून रंग सांगायची. 'बाबा, लाल कमी करा. आता थांबा.' ती नोकरीला बंगळूरला गेली आणि मागच्या हिवाळ्यात मी एक फोटो एकट्याने तयार करून आमच्या नाशिकच्या आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकला. 'हे काय, डबक्यातलं शेवाळ?' एकाने लिहिलं. खाली हसण्याची रांग. मी 'लॅपटॉपचा स्क्रीन बिघडलाय' असं खोटंच लिहिलं आणि फोन उलटा ठेवला. त्यानंतर वर्षभर दुर्बीण पेटीत होती.

मग यशवंतचा फोन आला. धुळ्याला कॉलेजात असताना आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं काढली. आता तो नंदुरबार जिल्ह्यात, खांडबाऱ्याजवळ शेती करतो. त्याच्या अहिराणीत म्हणाला, "अमावस्या शे, आभाय कसं काचनागत शे. ये ना भो!" म्हणजे आभाळ काचेसारखं स्वच्छ आहे. मीना म्हणाली, "जाऊन या. नंतर हवं तर बंद करा."

पहिला दिवस

पहाटे साडेपाचला निघालो. सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर, साक्री असा रस्ता धरला. धुळ्यावरून गेलात तर रस्ता रुंद, पण अंतर जास्त. साक्रीनंतर सुरतेकडे जाणारा हायवे लागतो आणि दहिवेल सोडलं की कोंडाईबारीचा घाट. घाट अवघड नाही, पण अवजड ट्रकच्या मागे अडकलात तर घाई करू नका. उतरलं की झाडी वाढते, हवा बदलते आणि विसरवाडी येते. तिठ्यावरच्या एका ढाब्यात शेवभाजी, दोन भाकऱ्या आणि ताक घेतलं. एकशे साठ रुपये. तर्री इतकी जहाल की मालकाने न मागता आणखी एक ताक आणून ठेवलं.

इथून उजवीकडे खांडबाऱ्याचा रस्ता. सामान कमी असेल तर रेल्वेनेही येता येईल, खांडबाऱ्याला स्टेशन आहे. मात्र गाडी थांबते का ते बघून घ्या. राहायला नवापूरला साधे लॉज मिळतात.

यशवंत शेताच्या फाटकावर उभाच होता. गडबडीत गाडी आत घेताना फाटकाची कडी मागच्या दाराला लागली आणि हातभर ओरखडा उठला.

"मन्ही चूक शे, फाटक मीच नीट उघाडं नही," यशवंत कळवळून म्हणाला. चूक माझीच होती. पण खांडबाऱ्याकडची माणसं पाहुण्याची चूक पाहुण्याकडे राहू देत नाहीत.

लतावहिनींनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी वाढली. जेवून तुरीच्या शेताकडेला दुर्बीण मांडली. मृग नक्षत्राच्या डावीकडे एकशृंगी नावाचा फिकट तारकासमूह आहे. त्यात गुलाबाच्या फुलासारखा एक प्रचंड तेजोमेघ आहे, म्हणून त्याला रोझेट म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. माझा कॅमेरा साधा रंगीत. त्याच्या आत लाल, हिरव्या आणि निळ्या जाळीचे बारीक बारीक खण असतात. त्याच्यापुढे मी दुहेरी पट्ट्याचा फिल्टर लावतो. तो फक्त दोनच प्रकारचा उजेड आत सोडतो: हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा निळसर हिरवा. बाकी हायवेचे दिवे, गावातले दिवे, बराचसा उजेड बाहेरच अडतो. लाल खणांत हायड्रोजन जमा होतो, हिरव्या-निळ्या खणांत ऑक्सिजन. पाच-पाच मिनिटांच्या शेकडाभर फ्रेम घेऊन एकावर एक रचायच्या, की चित्र उभं राहतं. ऑक्सिजनचा उजेड अगदी क्षीण असतो, म्हणून जमलं तर दोन रात्री द्या.

अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून आम्ही लाल कागद लावलेली बॅटरी वापरतो. मला त्या उजेडात जवळजवळ काहीच दिसत नाही. त्या रात्री मी दोनदा वायरीत पाय अडकवून पडता पडता वाचलो. यशवंत म्हणाला, "काय रे, म्हातारा व्हयना का?" मी हसण्यावारी नेलं.

दुसरा दिवस

सकाळी यशवंत म्हणाला, "चाल, इस्माईलभाईकडे जाऊत. रंगमा त्यानासारखा मानूस नही."

तो मोटारसायकलवर पुढे आणि मी गाडी घेऊन मागे, असे निघालो. विसरवाडीच्या हायवेलगत इस्माईलभाईंची पत्र्याची शेड आहे. साठीचा माणूस, पांढरी आखूड दाढी, हाताच्या नखांत चाळीस वर्षांचे रंग. सुरत-नागपूर वाहतुकीचे ट्रक ते रंगवतात. त्यांचे वडील टांगे रंगवायचे. घरात उर्दू-हिंदी, पण गिऱ्हाइकाशी बोलतात ते यशवंतसारखी अहिराणीच.

माझी गाडी मरून रंगाची. मीनाने पसंत केलेली. इस्माईलभाईंनी ओरखड्यावरून बोट फिरवलं, चार डब्यांतून थेंब थेंब घेत रंग कालवला आणि पत्र्याच्या तुकड्यावर तीन ठिपके लावून माझ्यापुढे धरले.

"सांगा भाऊ, तुमनी गाडीले कोनता बसस?"

एरवी अशा वेळी मी म्हणतो, 'तुम्हीच ठरवा.' त्या दिवशी रात्रभर जागलो होतो, सावध नव्हतो. मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

यशवंत खो खो हसला. "अरे, हाऊ तं चॉकलेटी शे!"

इस्माईलभाई हसले नाहीत. त्यांनी पत्रा खाली ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "कव्हयपासून?"

बत्तीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य इतक्या सहज बाहेर पडेल असं वाटलं नव्हतं. म्हणालो, "जन्मापासून."

यशवंतचं हसू जागीच थांबलं. "तीन वरीस एक खोलीमा ऱ्हायनूत आपन," तो म्हणाला, "आनि तू मले सांगं नही?"

  इस्माईलभाईच मध्ये पडून म्हणाले, "मन्हा मोठा भाऊ तसाच व्हता. वडील त्याले ब्रश धरू देयेत नही. तो बिचारा हॉटेल टाकीसन बसना." मग चहा मागवला. चहा पिता पिता यशवंतने, बहुधा मला सावरायला म्हणून, माझ्या फोटोंचं कौतुक सुरू केलं. इस्माईलभाई कान देऊन ऐकत होते. "उद्या गाडी लेवाले येशात, तव्हय ते यंत्र लयी या," म्हणाले. "मले दखनं शे."

गाडी तिथेच सोडून यशवंतच्या मोटारसायकलवरून परतलो. 

संध्याकाळी दुर्बीण मांडताना तो माझ्या हातातली लाल बॅटरी काढून घेऊन घरात गेला. परत आला तेव्हा तिच्यावर मिठाईच्या पुड्याचा पिवळा पारदर्शक कागद होता, दोन घड्या घालून रबर लावलेला. "आते दिसस का?" त्याने विचारलं. सगळं दिसत होतं. वायरी, पेचकस, त्याचा चेहरा. मी मान हलवली. "मंग झालं," तो म्हणाला आणि शेजारी खाट टाकून झोपला. 

तिसरा दिवस

दोन रात्री मिळून आठ तासांचा उजेड जमा झाला होता. सकाळभर लॅपटॉपने फ्रेम रचल्या. दुपारी आम्ही विसरवाडीला. माझी गाडी शेडच्या सावलीत उभी होती आणि दारावर ओरखडा कुठे होता हे मला तर नाहीच, यशवंतलाही सापडेना.

रंगांच्या डब्यांमध्ये लॅपटॉप ठेवायला इस्माईलभाईंनी स्टूल पुसून दिलं. मी चित्राचे भाग वेगळे केले. लाल खणांतून आलेला हायड्रोजन एकीकडे, हिरव्या-निळ्यांतून आलेला ऑक्सिजन दुसरीकडे. तारे बाजूला काढले, म्हणजे तेजोमेघ उजळताना ते फुगत नाहीत. दोन्ही भाग सुटे असताना करडेच दिसतात. हायड्रोजनच्या भागात मोठं, पाकळ्यापाकळ्यांचं कडं होतं. ऑक्सिजनच्या भागात मधोमध धूसर फुगा.

"हाई तं अस्तर शे," इस्माईलभाई म्हणाले. ट्रकला रंगाआधी करडा हात देतात, तो. "आते रंग?"

मी नेहमीचीच रीत दाखवली. हायड्रोजन लालमध्ये, ऑक्सिजन हिरव्या-निळ्यात. पडद्यावर चित्र उमटलं. ते दोघे 'वा' म्हणाले. मला अंधारात एक मळकट डाग दिसला, नेहमीसारखा.

"तुमले कसं दिसस?" इस्माईलभाईंनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं.

"हाऊ लाल घालनाच पडस का?"

"पडत नाही," मी म्हणालो. "हायड्रोजन मुळात लालच असतो, म्हणून तो घालायची पद्धत. पण बरेच जण वेगळे रंगही देतात. हायड्रोजन कुठे आणि ऑक्सिजन कुठे, हे कळलं म्हणजे झालं."

इस्माईलभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अगदी साध्या गोष्टीवर अडलेल्या माणसाकडे पाहतात. "भाऊ, ट्रकना मालक जो सांगस तो रंग मी मारस. हाऊ फोटोना मालक कोन शे?"

"मीच."

"मंग जो रंग तुमले दिसत नही, तो कसाले मारतस?"

सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. लोकांना माझं वैगुण्य कळू नये म्हणून मी लोकांच्या डोळ्यांसाठी चित्रं बनवत होतो, आणि ती स्वतः कधी पाहिलीच नव्हती.

मला निळा आणि पिवळा स्वच्छ दिसतात. मग तसंच केलं. लालमध्ये सगळा हायड्रोजन. हिरव्यात बराचसा हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन. निळ्यात सगळा ऑक्सिजन. उजेडाचे रंग मिसळताना लाल-हिरवा मिळून सोनेरी होतो. पडद्यावर आधी कडा उजळल्या, मग आतला भाग.

"थांबा," इस्माईलभाई म्हणाले. "पिवया जरासा तिखा व्हयना. उतारा थोडा. आखो थोडा. बस."

सोनेरी पाकळ्या, त्यांच्या आत निळा पोकळ गाभा, आणि पाकळ्यांवर धुळीच्या काळ्या बारीक गाठी, मुंग्यांच्या रांगेसारख्या. कुठे काय संपतं आणि कुठे काय सुरू होतं, ते सगळं मला दिसत होतं. मी बाहीने डोळे टिपले. यशवंतने माझ्या पाठीवर हात ठेवला. इस्माईलभाई उठून उगाचच डब्यांची झाकणं लावू लागले, माझ्याकडे पाहायचं नाही म्हणून.

निघताना मी त्यांचे हात हातात घेतले. म्हणालो, "भाई, कसे आभार मानू?"

"आभार कसाना?" ते म्हणाले. "मन्हा भाऊले हाई कोनी सांगं नही, तो ब्रश सोडी बसना. तुमले तरी सांगाई गयं."

परत

चौथ्या दिवशी वहिनींनी बांधून दिलेली तुरीची डाळ आणि मिरचीचा ठेचा घेऊन नाशिकला आलो. जायचं असेल त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. जाड कपडे न्या, दुर्बिणीच्या काचेवर दव धरू नये म्हणून गरम पट्टा न्या, आणि कुणाच्याही शेतात उभं राहण्याआधी घरच्यांना विचारा. बहुधा जेवायलाच बसवतील.

त्या रात्री मी सोनेरी-निळं चित्र ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं: 'मला लाल दिसत नाही. हे मी माझ्या डोळ्यांसाठी केलंय. मागच्या वर्षी स्क्रीन बिघडला नव्हता.' पाठवायचं बटण दाबायला बराच वेळ लागला. उत्तरं आली, चांगलीच आली. शेवाळवाल्याने फोन करून माफी मागितली.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. आठवड्याने ग्रुपची बैठक होती. संपल्यावर सगळे खुर्च्या आवरत होते. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक, कधी फारसे न बोलणारे, कायम मागच्या रांगेत बसणारे, माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "ते चित्र जरा मोठं करून दाखवता?"

मी लॅपटॉप उघडला. ते वाकून खूप वेळ पाहत राहिले. मग बोटाने, पडद्याला न लावता, मधल्या गाभ्याभोवती एक गोल काढला.

"हे आत आहे ते वेगळं आहे ना, बाहेरच्यापेक्षा?"

"हो सर. वेगळं आहे."

"असं होय," ते म्हणाले, आणि बाजूची खुर्ची ओढून बसले. "एवढी वर्षं त्या लाल चित्रांना मी नुसताच 'वा' म्हणायचो हो."