आमच्या स्टेशनची एकुलती खिडकी

सोमवार, अकरा डिसेंबर. थंडी चांगली. धुकं रुळांपर्यंत उतरलेलं, आठ वाजता विरलं. जालन्याकडची पॅसेंजर बावन्न मिनिटं उशिरा.

वहीत रोज एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पण बावन्न मिनिटं माणसं एका जागी उभी राहिली की बोलणारच, आणि बोलणं घरी आल्यावर वहीत उतरतंच. अशा वह्या आता ट्रंकेत मावत नाहीत. बायको म्हणते, "दुसऱ्यांच्या घरात पितळी भांडी साठतात, आपल्याकडं गाडीचा उशीर साठतो!"

आम्ही जालन्याला अपडाऊन करणारे. शहराच्या पूर्वेकडचं आमचं स्टेशन लहान. एक फलाट, एक बाक, एक तिकिटाची खिडकी, आणि खिडकीमागं एकटे जगताप बाबू. तिकीट तेच देणार, फोन तेच घेणार, घंटा तेच वाजवणार आणि गाडीला झेंडाही तेच दाखवणार.

एकदा एक पाहुणा रांगेत उभा असताना बाबूंनी खिडकी आपटून बंद केली. पाहुणा संतापून मागच्या दाराशी गेला. "मला तक्रार करायचीय! तिकीटवाला कुठंय?"

हातात हिरवा झेंडा घेऊन बाहेर पडणारे बाबू म्हणाले, "तो आत्ता झेंडा दाखवायला गेलाय. आला की त्याला सांगतो!"

*

आमचं खरं दुखणं मात्र बाबू नव्हते. आमचं दुखणं म्हणजे एक स्टेशन अलीकडचं, शहरातलं मोठं स्टेशन. गाडी आधी तिथं थांबते, मग दहा मिनिटांनी आमच्याकडं येते. तोवर सगळ्या जागा त्या लोकांनी धरलेल्या असतात.

माझ्याच ऑफिसातला पाठक तिथं चढायचा. रोज खिडकीपाशी, मांडीवर शेंगदाण्याची पुडी. मी दारातून आत घुसलो की लांबून हात करायचा, "या, या! अरे, जागा नाही वाटतं?" एका वर्षात मी दोनशे चौदा दिवस त्या गाडीनं गेलो. पाठकला खिडकी नव्हती असे दिवस दोन. ते दोन्ही दिवस तो रजेवर होता.

आमच्यातले सलीमभाई जालन्याच्या एका कारखान्यात फिटर. छावणीत वाढलेले. ते म्हणायचे, "उनके हाँ कुत्ता भी पंखे के नीचे सोता! अपन इधर धूप में सूखते खड़े!"

हे ऐकून देशमुखांना राहवलं नाही. देशमुख हर्सूलचे, घरची शेती, जालन्याला सहकारी खात्यात नोकरी. ते रविवारी मुद्दाम मोठ्या स्टेशनवर गेले आणि पंखे मोजून आले.

"अठरा हायेत. चौदा चालू."

"आणि बाकीचे चार?" मी विचारलं.

"बंद हायेत. तेवढंच जरा बरं वाटलं!"

*

आमचा बाक तीन पायांवर उभा, चौथ्या जागी दगड. एका सकाळी टेम्पोतून नवा कोरा बाक उतरला. लाल रंग, पाठीला टेकायची सोय. सलीमभाईंनी पहिल्यांदा बसून पाहिलं. देशमुखांनी समोरच्या दुकानातून नारळ आणून फोडला. सगळ्यांना खोबरं वाटलं. टेम्पोवाल्यानंही घेतलं. खाता खाता त्यानं खिशातला कागद वाचला आणि म्हणाला, "हा मोठ्या स्टेशनचा हाय. जरा चौघं जण हात लावा, परत चढवायचाय."

आम्ही हात लावला. टेम्पो निघताना तो म्हणाला, "त्यांचे तिथं पैलेच बावीस हायेत, कशाला पायजे होता काय म्हाईत!"



*

त्यातूनच रुमालाची पाळी निघाली. आमच्यातल्या एकानं रोज सकाळी रिक्षानं मोठ्या स्टेशनवर जायचं, तिथं गाडीत चढून आठ रुमाल आठ जागांवर टाकायचे, आणि आम्ही आलो की ज्यानं त्यानं आपल्या रुमालावर बसायचं. पाळीचा तक्ता मी आखला.

पहिली पाळी सलीमभाईंची. आम्ही ऐटीत डब्यात चढलो. आठही जागांवर माणसं बसलेली! सलीमभाई दाराशी उभे, हातात आठ रुमालांची व्यवस्थित घडी.

"क्या हुआ?"

"एक आजी आयी. सारे रुमाल उठाये, घडी करके मेरे हात में दिये. बोली, बाळा, कोणाचे तरी पडले होते, नीट सांभाळ!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"शुक्रिया बोला. और क्या बोलता?"

*

दुसरी पाळी देशमुखांची. त्यांनी रुमालांवर डबे ठेवले, आजीबाईंवर नजर ठेवली. पण गाडी सुटताच टीसी आला. देशमुखांनी रुबाबात पास दाखवला. टीसीनं तो उलटासुलटा पाहिला.

"पास खरा आहे. पण हा पुढच्या स्टेशनपासून आहे. तुमचा प्रवास अजून सुरूच झालेला नाही. मग तुम्ही आत्ता इथं कोण?"

देशमुखांनी आठ रुमालांकडं पाहिलं आणि म्हणाले, "मी जागा धरलेला माणूस हाय, साहेब!"

टीसी हसला, पण दंड सोडला नाही.

पुढच्या महिन्यात मी पास मोठ्या स्टेशनपासूनचा काढला, तिथल्याच खिडकीवर. चार रुपये जास्त. मग देशमुखांनी काढला, सलीमभाईंनी काढला. बघता बघता सगळ्या पासवाल्यांनी काढला. चढायचो आम्ही आमच्याच स्टेशनवर, पण पाळीवाला आता मोठ्या स्टेशनवर बिनदंड रुमाल टाकायचा. जुलै संपेपर्यंत मला खिडकीची जागा एकोणीस वेळा मिळाली. पाठकच्या समोर बसून मीही शेंगदाणे खाल्ले.

*

आमच्यात पास नव्हता तो फक्त वैशाली मॅडमना. त्या जालन्याच्या एका शाळेत तासावर शिकवायच्या. आठवड्यातले तीन दिवस, तेही बदलणारे, म्हणून पास परवडत नव्हता. रोज तिकीट काढायच्या. आणि त्या रांगेत पुढं सरकल्या की गाडीची घंटा व्हायची, बाबू खिडकी लावून झेंडा घ्यायचे.

एकदा त्या सुटे पैसे हातात धरून फलाटभर बाबूंच्या मागं धावल्या. बाबू झेंडा हलवत म्हणाले, "मॅडम, मला दोन हात आहेत. तिसरा असता तर तुम्हालाच दिला असता!"

गाडी गेली. मॅडम बाकावर बसल्या. "पहिला तास गेला. दोनदा झालंय. हेडसरांनी सांगितलंय, तिसऱ्यांदा झालं तर पहिला तास दुसऱ्या बाईंना देणार. माझे सगळे पहिलेच तास आहेत हो."

देशमुख उसळले. "असं कसं? मोठ्या स्टेशनवर सात खिडक्या, अन् आमच्याकडं दुसरा माणूस नाय? अर्ज करा! सह्या आम्ही देतो!"

अर्ज मी लिहिला, माझं अक्षर बरं म्हणून. 'तिकीट खिडकीवर आणखी एक कर्मचारी मिळावा.' बेचाळीस सह्या झाल्या. मॅडमची पहिली.

*

दीड महिन्यानं उत्तर आलं : अमुक दिवशी साहेब स्वतः येऊन स्टेशनची गरज पाहतील.

आदल्या दिवशी फलाटावर बैठक झाली. देशमुख म्हणाले, "गर्दी दिसली पायजे, लई गर्दी! मोठ्या स्टेशननं झक मारली पायजे!"

त्या सकाळी देशमुखांनी हर्सूलहून भाऊ, भावजया आणि दोन मामा आणले. सलीमभाईंची सासुरवाडी छावणीतून पूर्ण आली, त्यांच्या बायकोची मावशी खालाजान तर खुर्ची घेऊन. मी मेव्हण्याला आणलं. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. जगताप बाबूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

साहेब आले, गर्दी पाहून खूश झाले. "एवढे प्रवासी! रोजचे?"

"रोजचे, साहेब!" आम्ही एका सुरात म्हणालो.

"मग पास दाखवा."

आम्ही पास पुढं केले. साहेबांनी एकेक पाहून वहीत लिहिलं. मग खालाजानकडं वळले.

"आपका टिकट?"

"हम कहाँ जा रै मियाँ? हम तो जमाई की गर्दी बढाने आये!"

"प्लॅटफॉर्म तिकीट?"

मामांनी देशमुखांकडं पाहिलं. देशमुखांनी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात घंटा झाली. बाबू खिडकी लावायला वळले, पण साहेब उभे असल्यानं थांबले आणि रांगेत एकट्याच उभ्या असलेल्या मॅडमना तिकीट दिलं. मॅडम त्या दिवशी वेळेवर पोचल्या.

अहवालाची प्रत नंतर बाबूंनी दाखवली, ती मी उतरून घेतली. तपासलेले पास एकेचाळीस, सर्व मोठ्या स्टेशनवरून काढलेले. विनातिकीट आढळलेले तेवीस. त्या गाडीसाठी खिडकीवर विकलेली तिकिटं : एक.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आमची तिकीट खिडकी बंद झाली. जगताप बाबूंना मोठ्या स्टेशनवर नव्यानं उघडलेल्या आठव्या खिडकीवर नेमलं. आमच्याकडं झेंड्यापुरता एक माणूस दिला, त्याला तिकीट देण्याचा अधिकार नाही. वैशाली मॅडमचे पहिले तास पाच तारखेपासून दुसऱ्या बाईंना मिळाले.